बाबांचं सायकलवरचं वर्ष

(रविवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप उघडा, समोर बाबा. आई आतल्या खोलीत इस्त्री करतेय.)

लेक : हे नाही चालणार, बाबा. ‘सायकल ही आरोग्याची गुरुकिल्ली आहे.’ मी खोडतेय.

बाबा : का? चांगलं वाक्य आहे.

लेक : पाचवीच्या निबंधातलं आहे. तुमच्या साहेबांनी काय मागितलंय? वर्षभर रोज सायकलवर कामाला येणारा कंपनीतला एकमेव माणूस, आणि त्याचा अनुभव त्याच्याच शब्दांत. कंपनीच्या मासिकाच्या अंकासाठी एक पान. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय, आणि उद्या सकाळी गेटमधून सायकल चालवत येताना फोटो. बरोबर?

बाबा : फोटोचं म्हणाले खरं.

लेक : मग घरातून निघता तिथपासून सांगा. मी टाइप करत जाते.

बाबा : खाली उतरायचं, चोवीस पायऱ्या. सायकल जिन्याखाली असते. गल्लीतून बाहेर पडलं की चाळीस पायडल, मग गतिरोधक. तिथून एकशे दहा, मग डावीकडे.

लेक : पायडल मोजता तुम्ही?

बाबा : सवय लागली.

लेक : दिवसभर बाटल्या मोजून हौस फिटत नाही वाटतं.

बाबा : मोजत नाही गं, तपासतो.

लेक : माहितीय हो! इंजेक्शनची एकेक बाटली उजेडात धरायची. एकदा काळ्या पाटीसमोर, एकदा पांढऱ्या. केस, काचेचा कण, काहीही तरंगलं की बाजूला. सुरुवातीलाच लिहिलंय मी ते. ‘अठरा वर्षांत यांच्या नजरेतून एक वाईट बाटली सुटलेली नाही.’ जास्त झालं का?

बाबा : नाही. तेवढं खरं आहे. तेवढं राहू दे.

लेक : पुढे. डावीकडे वळलात.

बाबा : वळलं की पावाच्या भट्टीचा वास येतो. वास संपला की लाकडाची वखार. करवत सुरू झालेली असेल तर समजायचं उशीर झाला. मग शाळेची भिंत. तिथे आपल्याच चेनचा आवाज आपल्याला परत ऐकू येतो. मग पूल. पुलावर वारा उजव्या गालाला लागतो, तो लागायचा थांबला की उतार. उतार संपला की रंगाच्या कारखान्याचा वास, आणि पुढे आमच्या वॉचमनचा रेडिओ.

लेक : वा! अहो, हे छान आहे. उगाच गुरुकिल्ली शोधत बसला होतात.

आई : झालं का गं लिहून? माझं नाव घाल हो त्यात. पहाटे उठून डबा कोण करतं? सायकल काय डबा करते?

लेक : घालते, घालते.

आई : आणि हे घाल की हल्ली तासभर आधी निघतात. साडेपाचला! मी म्हटलं, अहो, कंपनी काय पळून चाललीय? पण नाही. हौस मोठी. मी गॅलरीतून बघते ना, कोपऱ्यापर्यंत कसे ऐटीत जातात. आख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय मी, अंक आला की दाखवेन म्हणून. वरच्या वहिनी तर आपल्या नवऱ्याला रोज टोचतात, बघा, खालचे भाऊजी बघा.

बाबा : बिल्डिंगला कशाला सांगायचं?

आई : सांगू नको तर काय करू? वर्षभरात शुगर उतरली, पोट आत गेलं. माझ्या माहेरच्यांना ओळखू येत नाहीत. इस्त्री तापलीय, जाते मी.

लेक : आईलाच फोटोत उभं करायला हवं. चला, आता वर्ष मागे जाऊ. पहिला महिना कसा होता?

बाबा : पहिला महिना... पाय दुखायचे. पण मजा होती. शाळेच्या भिंतीवर मुलांनी मासे रंगवले होते, निळे. एका माशाला दोन शेपट्या होत्या. कोण पोरगं असेल, असं मनात यायचं. पुलाखाली एक बगळा असायचा, एका पायावर. एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालायची, सगळे मोजे एका ओळीत. तिच्या घरात पाच माणसं होती. मोज्यांवरून.

लेक : किती गोड! आणि आता? मासे आहेत अजून?

बाबा : असतील की.

लेक : असतील म्हणजे?

बाबा : आहेत. असणारच ना.

लेक : बाबा, रोज जाता ना तिथून?

बाबा : रोज जातो.

लेक : मोजेवाली बाई?

बाबा : सोड ना ते. ‘पर्यावरणाचं रक्षण होतं’ असं एक लिही.

लेक : थांबा. मी वर वाचतेय. पहिल्या महिन्यातले मासे आहेत, बगळा आहे. त्यानंतर वास, आवाज, वारा आणि पायडल. मागच्या दहा-अकरा महिन्यांतली दिसलेली एक गोष्ट सांगितली नाहीत तुम्ही.

बाबा : माणूस रोजच्या रस्त्याला बघतो का?

लेक : तुम्ही बघता. तुम्ही बाटलीतला केस बघता. इकडे बघा, माझ्या नाकाकडे. डोळे हलवू नका. किती बोटं?

बाबा : कुठे?

लेक : ही काय, ही!

बाबा : हात खाली घे. आई येईल.

लेक : माझा हात तुमच्या कानाजवळसुद्धा नव्हता, बाबा. इथे होता. गालासमोर!

बाबा : हळू बोल.

लेक : कधीपासून?

बाबा : स्कूटर विकली त्याच्या आधीपासून. एक कुत्रं मधे आलं, ते चाकाखाली येईपर्यंत दिसलंच नाही मला. म्हटलं, उद्या मूल असेल. सायकल हळू जाते. पडलो तर मीच पडेन.

लेक : आणि आईला शुगरचं सांगितलंत.

बाबा : शुगर होतीच.

लेक : कंपनीत दर सहा महिन्यांनी डोळे तपासतात ना?

बाबा : समोरचा तक्ता वाचायला लावतात. मी शेवटची ओळसुद्धा वाचतो. बाजूला काय दिसतं हे कुणी विचारत नाही. नळीतून बघावं तसं आहे, चिंगे. बाटली नळीत मावते. रस्ता मावत नाही.

लेक : डॉक्टरांना दाखवलंत?

बाबा : दोनदा. औषध नाही म्हणाले. नळी बारीक होत जाणार.

लेक : किती दिवसांत?

बाबा : तीन वर्षं म्हणाले. चार म्हणाले. त्यांनाही नक्की ठाऊक नाही. हिवाळ्यात अंधार लवकर पडायचा, तेव्हा संध्याकाळी मी सायकल हातात धरून चालत यायचो. सहा किलोमीटर. आई म्हणायची, मित्रांबरोबर टवाळक्या करत बसता. मी म्हणायचो, हो.

लेक : आणि मी तुम्हाला ती झगमग पट्टी आणून दिली. हेल्मेटला लावायला. मी हसत होते, म्हातारा सर्कशीत जाणार म्हणून.

बाबा : चांगली आहे पट्टी.

लेक : उद्यापासून सायकल बंद. ऐकलंत? उद्यापासून नाही, आत्तापासून.

बाबा : बंदच आहे.

लेक : काय?

बाबा : तीन आठवडे झाले. आई गॅलरीत असते म्हणून कोपऱ्यापर्यंत बसून जातो. पुढे उतरतो आणि हातात धरून चालतो. म्हणून साडेपाचला निघतो.

लेक : तीन आठवड्यांपूर्वी काय झालं?

बाबा : पाणी दे थोडं.

लेक : घ्या. काय झालं, बाबा?

बाबा : आमच्या पॅकिंगमध्ये एक बाई आहेत. नवीन आहेत, सगळे मावशी म्हणतात. त्या दिवशी पाऊस होता. मी रेनकोट घातला होता, टोपी खाली ओढलेली. कंपनीच्या मागच्या गल्लीत हँडलला काहीतरी लागलं. पोत्याला धक्का लागावा तसं. मी थांबलो.

लेक : थांबलात ना?

बाबा : थांबलो. वळून बघितलं. नीट बघितलं, रस्ता रिकामा होता. पावसाचा आवाज होता, दुसरं काही ऐकू आलं नाही. म्हटलं, फांदी असेल. आणि गेलो.

लेक : आणि मावशी?

बाबा : कडेला पडल्या होत्या. गटाराच्या काठावर. मनगट मोडलं. उजवं.

लेक : अरे देवा!

बाबा : चहाच्या वेळी खात्यात हीच चर्चा. कोण तो हलकट, सापडला पाहिजे. मीही म्हटलं, सापडला पाहिजे. तोंडातून तेच निघालं. बघून निघून गेलेला मी असेन, हे कुणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या खात्यातले चौघं भेटायला गेले, त्यांच्याबरोबर मी गेलो.

लेक : त्यांच्या घरी? तुम्ही?

बाबा : एवढीशी खोली. हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं चहाचे कप पुढे करत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. म्हणाल्या, धडकला त्याचं एक वेळ समजू शकते. पण तो थांबला, वळला, सरळ माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला होता. त्यानं बघितलं आणि निघून गेला. म्हणाल्या, तेव्हापासून झोप लागत नाही. माणूस असं बघून कसा जाऊ शकतो?

लेक : तुम्ही काय म्हणालात?

बाबा : मी चहा प्यायलो.

लेक : बाबा!

बाबा : ओरड. ओरडायलाच हवं कुणीतरी.

लेक : एक शब्द बोलला नाहीत? तीन आठवडे? आणि इथे मला सांगताय, पर्यावरणाचं रक्षण लिही? त्या बाई अंक उघडतील, फोटो बघतील...

बाबा : त्या पॅकिंगमध्ये आहेत. अंकांचे गठ्ठे त्याच बांधतात. हात बरा असला तर.

आई : हा बघा, पांढरा शर्ट काढलाय. फोटोत पांढरा उठून दिसतो. का निळा हवा? अगं बाई, गप्प का बसलात दोघं? भांडलात का?

लेक : वाक्य सुचत नाहीये.

आई : हात्तिच्या! एवढंच ना? लिही, माझ्या वडिलांनी वर्षभर एक दिवस खाडा केला नाही. पावसात नाही, थंडीत नाही. झालं वाक्य. अहो, पांढरा ना?

बाबा : पांढरा.

आई : डोळे लाल का झालेत तुमचे? स्क्रीनकडे बघून बघून. जरा मिटून बसा. मी चहा टाकते.

लेक : ...गेली.

बाबा : तिला मी सांगेन. आज नको. आज तिला इस्त्री करू दे.

लेक : आता या पानाचं काय करू? साहेबांना कळवू, तब्येत बरी नाही, नंतर देतो?

बाबा : नाही. लिही.

लेक : काय लिहू?

बाबा : आधीचं सगळं काढ. मासेसुद्धा. लिही... ‘बावीस दिवसांपूर्वी मागच्या गल्लीत पॅकिंगच्या मावशींना माझी सायकल लागली. मी थांबलो होतो. वळून बघितलं होतं. मला त्या दिसल्या नाहीत.’

लेक : बाबा, नोकरी जाईल.

बाबा : जाईलच.

लेक : पण बाटली दिसते ना तुम्हाला! काम तर नीट करता.

बाबा : आज दिसते. पण ज्याला रस्त्यात पडलेली बाई दिसली नाही, त्याच्या हाती इंजेक्शनच्या बाटल्या कोण देईल? मीसुद्धा देणार नाही.

लेक : हे अंकात छापणार नाहीत ते.

बाबा : नको छापू देत. साहेब मला बोलावतील, तेव्हा मी मावशींना बोलवा म्हणेन. तो माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता, एवढं त्यांना कळलं पाहिजे. पुढे लिही. ‘मला बाजूचं दिसत नाही. हे मला वर्षभर माहीत होतं.’ लिहिलंस?

लेक : लिहिलं.

बाबा : वाच.

लेक : नाही वाचवत.

बाबा : मग राहू दे. पाठव.

लेक : ...पाठवलं.

बाबा : बरं केलंस.

लेक : काही बरं नाही केलं. उद्या तुम्ही त्या गेटमधून आत जाणार आणि सगळे तुमच्याकडे...

बाबा : सगळे नाही दिसणार मला. समोरचा एक दिसेल. तेवढा फायदा आहे.

लेक : चेष्टा नका करू. मला रडू येतंय. ऐका, उद्या चालत जायचं नाही. मी येते बरोबर. साहेबांच्या केबिनपर्यंत येते. आणि पुढेही, जिथे म्हणाल तिथे मी नेईन. स्कूटर आहे ना माझी. रोज सोडेन, रोज आणेन.

बाबा : स्कूटर नको.

लेक : का? हळू चालवेन.

बाबा : तू चालवू नकोस, चिंगे. तपासून घेईपर्यंत तू काहीच चालवू नकोस.

लेक : मी? माझं काय तपासायचं?

बाबा : डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असं होतं का. मी म्हटलं, माझे मोठे काका शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं. ते लिहून घेतलं त्यांनी. म्हणाले, मग हे रक्तातूनच आलेलं आहे. मग विचारलं, तुम्हाला मुलं किती?

लेक : काय सांगितलंत?

बाबा : खोटं बोललो. म्हटलं, आम्हाला मूलबाळ नाही.