उभ्यानं बघायची मॅच

नको, नको, तुम्ही बसा, मी उभीच बरी. — नाही हो, खुर्ची स्वच्छ आहे, दिसतंय मला. तुमच्या शेजारी यायचं म्हणूनच तर वरच्या तीन रांगा उतरून आले. पण केतकीची मॅच असली की मी बसत नाही. नवस आहे. — हसा, हसा, माझे मिस्टरही हसतात. अडीच वर्षं झाली बोलून. तेव्हा ती आधीच्या कॉलेजात होती, पहिल्या वर्षाला, आणि पहिल्या पाचही मॅच तिनं बाकावर काढल्या — जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशी. घरी आले, आमचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, त्यांच्यापुढे दिवा लावला आणि गावच्या देवीला इथूनच गाऱ्हाणं घातलं — आई, माझी पोर बसून आहे तोवर तिच्या मॅचला मी टेकणार नाही. ती खेळायला लागली की मी बसेन, आणि सुट्टीत येऊन तुझी ओटी भरेन. एवढंच. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांचं काम. गुडघे तेव्हा चांगले होते हो माझे.

तुम्ही हिबाच्या आई ना? रबियाताई? — माहीत आहे मला. चार मॅच बघतेय तुम्हाला, याच कोपऱ्यात. मघाशी फोनवर कुणाला तरी ओरडत होतात — भाकऱ्या झाकून ठेवल्यात, डोळे उघडून बघ — आणि मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, ही तर आपल्याकडची. कुठल्या तुम्ही? — राजापूर! आम्ही लांज्याचे. दर्शना. म्हणजे तिकडे एस्टीनं तासाभरावर, आणि भेटतोय कुठे तर कुवेतला, मुलींच्या बास्केटबॉलला. फहाहीलच्या बाजारात एकाच गाळ्यावर माठाची भाजी निवडली असेल आपण, तोंडं न बघता. — ते बघा, घेतला! केतकीनं काढून घेतला बॉल — सोळा नंबर, ती माझी — अगं दे, दे कुणाला तरी — गेला. परत दोघी अंगावर आल्या तिच्या. ओळखून आहेत ना तिला. हिरव्या कपड्यातल्या त्या मुली तिच्या जुन्या कॉलेजच्या, दोन वर्षं एका बसमधून फिरलेल्या. ती उजवीकडूनच निघते हे त्यांना पाठ आहे.

दोन वर्षं बसवली हो तिला तिथे. सगळी मिळून किती खेळली, तर भात शिजायला लागतो तेवढा वेळ. तिथल्या कोचला उंच मुली हव्या, आणि ही गेली माझ्यावर. शाळेत कॅप्टन होती, दारामागे चपलांपेक्षा ट्रॉफ्या जास्त, आणि कॉलेजात पाण्याच्या बाटल्या भरायची. घरी बोलणं बंद. विचारलं की, ‘आय अ‍ॅम फाइन, आई.’ तो ‘फाइन’ ऐकला की मला धडकी भरायची. मग एक दिवस म्हणाली, मी कॉलेज बदलते. मिस्टर म्हणाले, बदल. ते तिकडे शुऐबा भागात प्लांटवर असतात, त्यांचं सगळं असं, बिघडलं की पार्ट बदल. पण मला धीर होईना. मी गावी बाबी गुरवाला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं, देवीला कौल लाव. त्यानं फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं, आम्ही तिघं मोबाइलवर डोळे लावून — आणि नेमकं नेट अडकलं. गुरवाचं तोंड उघडं ते उघडंच. परत चित्र आलं तोवर फूल पडलेलं. उजवं पडलं की डावं? बाबी म्हणतो उजवं दिलं, म्हणजे देवीचा होकार. त्याला जेवायला जायचं होतं, खरं सांगते, मला अजून शंका आहे. केतकी म्हणाली, ‘आई, इट्स अ ट्रान्सफर फॉर्म, लग्न नाही!’ आणि सही करून मोकळी झाली.

इथे आली, तर पहिली टर्म नियमानं नुसती प्रॅक्टिस. मॅच नाही. सात नंबर मागितला, जुना तिचा, तर तो हिबाचा. म्हणून सोळा. ती टर्म मी घरातच काढली, पण रोज विचारायचे — आज काय? तर रोज तेच. हिबा असा बॉल नेते, हिबा न बघता पास देते, हिबानं मला आज शिकवलं. हो, तुमची हिबा! डाव्या हातानं जायचं ते तिनंच शिकवलं केतकीला. डबाही एकत्र खायच्या दोघी, माझ्या घावण्यांतले अर्धे तुमच्या लेकीच्या पोटात. — तुमच्याकडे येत होतं का काही? — सांदणं! म्हणजे ती तुमची? आणि मी समजत होते की कुठल्या तरी हॉटेलातली.

मग जानेवारीत मॅच सुरू झाल्या. आणि काय बघते, तर केतकी पुन्हा बाकावर. तेच जॅकेट, फक्त रंग वेगळा. मी आपली मागच्या भिंतीला, उभी. केतकीला गाडीत म्हटलं, आता काय? तर म्हणाली, कोचबाई म्हणतात गार्डची, म्हणजे बॉल पुढे नेणारीची, जागा हिबाची आहे. एगैलाच्या सिग्नलला गाडी थांबली होती, तिनं तोंड खिडकीकडे केलं, आणि मला काचेत दिसलं ते. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी — थांबा, स्कोअर काय झाला? अकरानं मागे? अकरा म्हणजे फार नाही, केतकी म्हणते अकरा म्हणजे चार मिनिटं. — नाही, मी सांगतेय. सांगायलाच आलेय, आता मागे कशाला फिरू? त्या संध्याकाळी दिवा लावला आणि नवसाला एक वाक्य जोडलं. आधीचं पुरेसं होतं, पण मला घाई झाली होती. म्हटलं — आई, माझ्या लेकीला जागा मोकळी करून दे. असंच म्हटलं. जागा मोकळी कर. ती जागा कुणाची आहे ते मला माहीत होतं, रबियाताई. नाव घेतलं नाही, पण माहीत होतं.

नवव्या दिवशी हिबाचा पाय मुरगळला.

नका ना असं बघू. — नाही, बघा, बघा. प्रॅक्टिसला, कुणी ढकललं नाही, उडी मारली आणि पाय वाकडा पडला. केतकीनं घरी येऊन सांगितलं, ती रडत होती तेव्हा, आणि मी पोळ्या लाटत होते. माझा हात थांबला नाही. लाटतच राहिले. पोळी पार कागदासारखी झाली तरी लाटतेय. तिला म्हटलं, जेवून घे. माझं वाईट चिंतायचं मन नव्हतं हो, देवीशपथ नव्हतं. पण मागणी तर माझीच होती.

मग काय, केतकी उतरली. पहिल्या मॅचला नऊदा बॉल घालवला. दुसरीला सहादा. रमजानच्या आधीच्या शेवटच्या मॅचला एकटीचे एकोणीस पॉइंट, पेपरात फोटो नाही पण कॉलेजच्या भिंतीवर मोठा. तीन बोटं वर करते, मग मूठ, आणि चारही मुली बरोबर धावतात — माझी पोर, जिला मी अजून कानात तेल घालू का विचारते! पहिल्या मॅचला ती उतरली तेव्हा माझा नवस पुरा झाला. पर्समधून रुमाल काढला, खुर्ची पुसली, बसायला वाकले, आणि समोर तुमची हिबा. बाकाच्या टोकाला, पायाला तो काळा बूट, कुबड्या मांडीवर आडव्या, आणि टाळ्या वाजवतेय. केतकीसाठी. आणि तुम्ही दोन रांगा पुढे, पदर सारखा करत. मी रुमाल घडी करून आत टाकला. माझ्यानं टेकवलंच नाही. मिस्टर म्हणाले, झाला ना नवस? बस आता. मी बारा-बारा तास उभा असतो प्लांटवर, मला कुठली देवी पावली? त्यांना काय सांगणार होते? हे आज पहिल्यांदा बोलतेय, ते तुमच्याशी.

आणि सगळ्यात वाईट ऐका. ईदनंतर हिबाचा पाय बरा झाला, डॉक्टरांनी खेळ म्हटलं, तरी कोचबाई तिला उतरवत नाहीत. चार मॅच. मी केतकीला भीत भीत विचारलं, आता हिबा आली तर तू परत बसणार का गं? तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली — ‘आई, गार्ड दोन असतात.’ दोन! पाच मुलींत दोन गार्ड. अडीच वर्षं मी मॅच बघतेय, भिंती झिजवल्या उभं राहून, आणि मला हे माहीत नाही! मला वाटायचं बॉल नेणारी ती एकच, म्हणून जागा एकच. कुणी आधी सांगितलं असतं तर मी कशाला म्हटलं असतं मोकळी कर? जागा होती. दोघींना होती. मी भलतंच मागून बसले.

— काय? नाही, रागवा तुम्ही. — बरं, एक विचारू? तुमच्यात मन्नत म्हणतात ना? केतकी आली तेव्हा तुम्ही काही मागितलं होतं का? तिचे कागद अडकू देत, ती टर्म लांबू दे, असं काही? — हसलात. नका सांगू. मला नका सांगू, तोंडावरून कळलं. चहा पाजेन तुम्हाला एकदा, घरी या.

तिसरा क्वार्टर संपला. बघा कशी उभी आहे केतकी, कमरेवर हात, श्वास मावत नाहीये. दोघी-दोघी धरतात तिला, एकटी कुठवर नेणार बॉल? तिला दुसरी हवी बरोबर. मला अडाणीला कळतंय, कोचबाईंना कळत नसेल? — थांबा. केतकी काहीतरी सांगतेय त्यांना. बाकाकडे हात करून. रबियाताई, ती हिबाकडेच हात करतेय ना? माझा चष्मा ओला झालाय.

ऐका, वेळ नाहीये. मी चार मॅच तुमच्या हिबासाठी उभी आहे, देवीला सांगून उभी आहे, आणि ती खेळेपर्यंत बसणार नाही. तुम्ही माझ्या केतकीसाठी उभ्या राहा. एवढीच मॅच. तुमच्या अल्लाला सांगा, पण नीट सांगा, माझ्यासारखं नको — कुणाला हलव म्हणू नका, कुणाचं काढून दे म्हणू नका. नुसतं म्हणा, दोघींना राख. पर्स राहू दे खुर्चीवर. कोचबाई वळल्या. हिबानं जॅकेटच्या चेनला हात घातला —

उठा हो. उठा ना.