गळ्यातलं पांढरं जातं

—कॉलर? कसली कॉलर, पाद्रीबाई? अहो, आधी आत तर या, दारात उभ्या राहून पावसाला कशाला आत बोलावताय! ते पातेलं ओलांडून या — रंगासाठीची कांद्याची सालं आहेत, चावत नाहीत. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर लोकरीचा नमदा वाळतोय. हं, तर कॉलर. तुमची ती चुण्याचुण्यांची, गळ्यात पांढरं जातं अडकवल्यासारखी? धुऊन, चुण्या पाडून आणायला तुम्ही अयनारकडे दिली, आणि अयनार म्हणतो की धुवायला नेतानाच पाऊस लागला म्हणून पेटी इथे माझ्या कार्यशाळेत ठेवली? अयनारचं काय ऐकता! चर्चची घंटा वाजवून वाजवून त्याच्या डोक्यात नुसते टोल उरलेत. मला विचाराल तर सीगलने नेली असणार. हसू नका. माझ्या मावशीच्या लग्नात एका सीगलने केकचा वरचा मजला नवरानवरीसकट उचलला होता, आणि पुढे वर्षभराने खाडीपलीकडच्या घरट्यात पिल्लं त्या साखरेच्या नवऱ्याच्या डोक्यावर बसलेली सापडली! त्यात तुमची कॉलर म्हणजे तयार घरटंच की, मधे भोकसुद्धा आहे. मी स्वतः बघितली ना — अशी उडत चालली होती, आतल्या पट्टीवर लाल दोऱ्याने भरलेलं तुमचं नाव 'सिग्ने' इथून वाचता येत होतं —

काय? ते मला कसं माहीत?

बरं. कॉफी घ्या. घ्या हो, बिशपसाहेब यायला वेळ आहे अजून. झालं काय, परवा आमच्या वर्गाचा धडा होता — घरातली अशी एक पांढरी वस्तू आणा, जिचा तुम्हाला अगदी कंटाळा आलाय. मग तिला उकडायचं, फाडायचं, गंजक्या खिळ्यांबरोबर पुरायचं, मेणात बुडवायचं — म्हणजे ती काहीतरी बोलायला लागते. अयनारची बायको काम्मा लग्नातला परकर घेऊन आली, बेकर थोरवाल्डने अॅप्रन आणला. आणि त्या टेबलावर अयनारने ठेवलेली तुमची गोल पेटी. आता तुम्हीच सांगा, कंटाळा आलेल्या पांढऱ्या वस्तूंच्या टेबलावर पाद्रीबाईंची कॉलर — आम्ही काय समजायचं? काम्माने तर डोळे पुसले. म्हणाली, "बाई कोपनहेगनच्या असल्या तरी मन किती मोठं!" तुमच्याबद्दल या बेटावर कुणी बरं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग मला काही नाही म्हणवेना.

थांबा, थांबा, रडू नका, आम्ही तिला रंग लावलाच नाही! देवाशपथ — म्हणजे तुमच्याच साहेबांची शपथ. खळ सुटावी म्हणून नुसती वाफेवर ठेवली, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. आणि झाकण काढतो तर काय — काळे ओघळ! एकेका चुणीतून, असे सुरेख, मेंढीच्या डोळ्यांतून पाणी यावं तसे. मी इतकी वर्षं रंगकाम करतेय, अक्रोडाची सालं उकळली, गंज उकळला, एकदा शेजाऱ्याची सायकल उकळली, पण असा काळा मला कधी साधला नाही. सगळे म्हणायला लागले, रिग्मोर, हा कसला रंग? मी म्हटलं, बोलू नका, बघा. थोरवाल्डने बोट बुडवलं आणि चाटलं. बेकरच तो, त्याला चाखल्याशिवाय काही कळत नाही. म्हणाला, "खारट आहे." मग काम्माने चाटलं. मग सगळ्यांनीच चाटलं.

ज्येष्ठमध.

हो ना, पाद्रीबाई? ज्येष्ठमधाच्या त्या खारट काळ्या गोळ्या, आपल्याकडे पोरं चघळतात त्या. चुण्यांत लपवलेल्या. तरी मी म्हणते, लांबलचक स्तोत्राच्या चौथ्या कडव्याला तुम्ही अशी मान वाकडी करून भक्तीत बुडता — सगळा गाव म्हणतो, बाईंना देव दिसतो! दिसतो खरा, पण चुणीत मावेल एवढा. अहो, त्यात लाजायचं काय, झग्याला खिसा नसतो, माणसाने गोळ्या ठेवायच्या कुठे? फक्त धुवायला देताना झटकायच्या तरी. नाही, नाही, कुणालाही कळलेलं नाही. म्हणजे आम्हाला सोडून. परवा संध्याकाळी आम्ही सगळे काळ्या जिभा घेऊन घरी गेलो, पण तोंड कुणी उघडलं नाही. ती बघा तुमची कॉलर, खिडकीत टांगलीय. काम्माने नावही ठेवलं — 'लांबलेलं प्रवचन'. सुंदर दिसते, नाही?

आता बिशपसाहेबांसमोर उघड्या गळ्याने कसं जायचं, हेच ना? आणि शेजारच्या पाद्रींची मागायची तर त्यांची मान बैलाची. सगळं कळतं मला. पण आधी एक सांगा — चर्चचं हे कोठार, म्हणजे माझी ही कार्यशाळा, रिकामं करून इथे गवत कापायचं यंत्र ठेवायचं, असं तुम्ही आज बिशपसाहेबांच्या कानावर घालणार होतात ना? कांद्याचा वास कबरींपर्यंत जातो म्हणून? मेलेल्यांपैकी कुणी तक्रार केली का? नाही, मी आपलं विचारलं. धमकी? इश्श, मी कशाला धमकी देऊ. बिशपसाहेबांनी विचारलं की कॉलर काळी कशाने झाली, तर मी खोटं थोडीच बोलणार आहे? मला खोटं बोलताच येत नाही.

हां, ही घ्या. उघडा ना डबा.

कशी आहे? चुण्या विणायच्या सुयांवर पाडल्यात, खळ बटाट्याची, पाठीला थोरवाल्डच्या अॅप्रनचं कापड, आणि वर — कॉफी गाळायचे कागद. सगळ्यांनी मिळून केलीय. मागचे दोन-तीन कागद वापरलेले आहेत, पुरेनात म्हणून, पण धुतलेत. थोडा वास येईल. बिशपसाहेबांना आवडेल, त्यांचं सगळं लक्ष चर्चनंतरच्या कॉफीवरच असतं. हनुवटी वर करा. वर. अहो, देवाकडे नको, आढ्याकडे. हं, आता बघा आरशात — मंगळवारचा वर्ग बंद करून असलं काही मिळालं असतं का?

काय म्हणालात? यंत्र पावसात भिजलं तरी चालेल? तुम्ही म्हणताय, मी नाही म्हटलं! मग तुमच्याकडची ती कोठाराची किल्ली इथे टेबलावर ठेवा. अशी. छान. मान ताठ ठेवा, मेणबत्तीपाशी वाकू नका, आणि पावसातून जाताना ही छत्री घ्या, नाहीतर दारात पोचेपर्यंत गळ्यात लापशी होईल. मला तर बाई तुमची भीतीच वाटत होती. त्या दिवशी अयनार ती पेटी तिकडे दारामागच्या खुंटीला टांगून, वर आपला कोट घालून गेला, तेव्हाच माझ्या मनात आलं की —

टेबलावर? मी टेबलावर म्हटलं होतं? हो का?

घंटा! ऐकलीत? अयनारने सुरुवातही केली. अहो, किल्ली काय उचलताय, बिशपसाहेब फाटकात उतरले असतील — पळा, पाद्रीबाई, पळा! आणि मान हलवू नका!