लीडर आणि बुटाची लेस

परदेशात मी शिबिराचा लीडर होतो, हे तुम्ही माझ्याकडून शंभरदा ऐकलंय. तिथं केलं काय, ते आज ऐका. शिबिर स्वयंसेवकांचं, जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात होतं. निघताना आईनं बजावलं होतं, "म्हाताऱ्या मानसाच्या आधी पाया पड." पहिलेच आजोबा समोर आले, मी वाकलो. त्यांची लेस सुटलेली होती. त्यांना वाटलं, मी तीच बांधायला वाकलोय, म्हणून त्यांनी पाय पुढे केला. मग काय, बांधली. मान वर करतो तर त्यांच्या मागे आणखी सहा जण रांगेत.

पंधरा दिवस रोज सकाळी माझा तोच उद्योग. एकदा नेमका तेव्हाच घोडेगावहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मला बुटांपाशी उकिडवा बसलेला बघून ती हळूच म्हणाली, "तू लीडर झालास म्हनून गावात पेढे वाटलेत मी. फोन ठिव, शेजारीन बघतीय."