मागल्या दारचं कोलम

(तंजावूरच्या एका हॉटेलातली चादरी-टॉवेलांची खोली. सुपरवायझर वरलक्ष्मी आणि खोल्या आवरणारी साईप्रिया.)

वरलक्ष्मी : राजीनामा टॉवेलच्या घडीत ठेवतात काय गे?

साईप्रिया : हातात द्यायला धीर झाला नाही, अक्का. मागल्या दारी आज तीनच ठिपके होते.

वरलक्ष्मी : तिथं झाडलोटीच्या वेंकूबाई कोलम घालतात, पिठाची ठिपक्यांची रांगोळी. त्याचा नि तुझ्या नोकरीचा काय संबंध?

साईप्रिया : रागावणार नाही ना?

वरलक्ष्मी : बोल.

साईप्रिया : सकाळी त्या तुमच्याकडनं किल्ल्या घेतात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघतात. मग आमच्यासाठी कोलम घालतात. कमळ म्हणजे अक्का खुशीत. चौकोन म्हणजे गप्प काम करा. नुसते तीन ठिपके म्हणजे समोर येऊ नका. त्या दिवशी सामान उचलणारा हरिप्रसादसुद्धा तुम्ही भेटाल म्हणून लिफ्ट सोडून जिन्यानं चढतो.

वरलक्ष्मी : कधीपासून?

साईप्रिया : दीपावळीपासून.

वरलक्ष्मी : ऐयो. मला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून त्यांचं कोलम लहान होतंय. परवा तेल आणून दिलं मी.

साईप्रिया : घेतलं?

वरलक्ष्मी : घेतलं की. वर आशीर्वाद दिला.

साईप्रिया : तुम्ही वाईट नाही, अक्का. मला ताप आला तेव्हा माझ्या चार खोल्या तुम्हीच केल्या. पण सकाळी गावाहून, ओरत्तनाडूहून, येऊन बसमधनं उतरले की आधी मागल्या दारचं कोलम बघायला धावते. कमळ दिसलं तर दिवस कसा जातो कळत नाही. ठिपके दिसले की चादरसुद्धा सरळ बसत नाही, आणि पाहुण्यांपुढे हसायचं ते वेगळंच.

वरलक्ष्मी : रोज पहाटे मॅनेजरांचा फोन येतो गे. ह्या खोलीची तक्रार, त्या खोलीची तक्रार. ठेवते न ठेवते, तोच वेंकूबाई दारात.

साईप्रिया : मग मॅनेजरांच्या दारी कोलम कोण घालतं?

वरलक्ष्मी : हसवू नको. आठ दिवस थांबशील? पत्र माझ्याजवळ राहू दे. तू गेलीस तर मला करमायचं नाही, खरंच सांगते.

साईप्रिया : थांबते. पण वेंकूबाईंना काही बोलू नका.

वरलक्ष्मी : छे. तूच त्यांना सांग, चेहऱ्यावर दिसेल तेच घाला, मला बरं वाटावं म्हणून कमळ नको.

साईप्रिया : आणि ठिपकेच निघाले तर?

वरलक्ष्मी : उद्यापासून त्यांना किल्ल्या दिल्या की वर येण्याआधी मीही मागल्या दारी जाऊन कोलम बघेन. मला तरी कळू दे, आज मी कशी आहे ते.