बाबांनी बनवलेलं कॅबिनेट

वडील : म्हणजे कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आतला पंखा फिरतो आणि लगेच थांबतो.

सासरे : एक गिरकी घेतो आणि गप्प. कालपासून हेच चाललंय. थांबा, दाबून दाखवतो.

वडील : नका दाखवू. सकाळी फोनवरच मी तिला सांगितलं, पॉवर सप्लाय गेलाय. तुम्हीच निवडला होता ना तो?

सासरे : दोघांनी मिळून निवडला. सूनबाईने आणि मी.

वडील : दोघांनी मिळून.

सासरे : बसा ना, व्याहीबुवा. उभे का? पाणी आणतो.

वडील : पाणी नको. ती कुठाय?

सासरे : दुकानात गेली, दुसरा पॉवर सप्लाय आणायला. तुम्ही फोन ठेवला आणि तिने चपला घातल्या. मी म्हटलं, आधी नीट तपासू, मग आणू. तर म्हणाली, बाबांनी सांगितलंय.

वडील : मग? बाबांनी सांगितलंय तर खोटं सांगितलंय का?

सासरे : तसं कुठे म्हणालो मी?

वडील : तुम्ही म्हणत काहीच नाही. हळूच करता. चिमटा घेऊन. हे सगळं चिमट्याने बसवलंत ना? ती सांगत होती. अण्णांनी प्रोसेसर असा बसवला, अण्णांनी तो तापू नये म्हणून त्यावर मलम अगदी मोहरीएवढं लावलं, अण्णांच्या हाताला जरासुद्धा कंप नाही. फोन मी लावलेला, बिल माझं, आणि ऐकायचं काय, तर अण्णांचा हात.

सासरे : तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या. हात तेवढा राहिलाय.

वडील : हा काय कुणाचा जबडा आहे का? मशीन आहे. मशीनला दाबून बसवावं लागतं. ती रॅमची पट्टी बघा. घाबरत घाबरत बसवल्यासारखी वाटते.

सासरे : दाबून बघा तुम्ही.

वडील : बसलीय.

सासरे : दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबली होती. ती सूनबाईने बसवली, मी नाही.

वडील : ...हं. चांगली बसवलीय.

सासरे : सोमवारपासून तिचं काम सुरू होतंय, माहितीये ना? घरी बसून घरांचे नकाशे काढायचे. साहेबाने सांगितलंय, सोमवारी सकाळी पहिला नकाशा हवा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर ती फाईल उघडतच नाही. दोन दिवस नीट जेवलेली नाही पोरगी.

वडील : मला हे कोण सांगणार? तिचा आपणहून फोन आला तो मशीन बंद पडल्यावर. आणायचं ठरलं तेव्हा नाही, जोडायला बसली तेव्हा नाही. पूर्वी सायकलची साखळी पडली तरी माझ्या कपाटांच्या कारखान्यात येऊन उभी राहायची. इस्त्रीची वायर, दप्तराची कडी, सगळं बाबा. हिची आई म्हणायची, हिला नवरा मिळाला तरी ही इस्त्री घेऊन तुमच्याकडेच येणार.

सासरे : ही बाहेरची पेटी, कॅबिनेट, तर तुमच्याकडूनच आणली.

वडील : दुसरीकडून कानावर आलं म्हणून ते मी आपणहून दिलं. ती म्हणाली नव्हती.

सासरे : व्याहीबुवा, एक बोलू? रागावणार नसाल तर.

वडील : रागावलोच तर तुम्ही काय करणार, भूल देणार?

सासरे : एक करून बघू. सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढू. इथे टेबलावर पुठ्ठा ठेवू, त्यावर मदरबोर्ड. फक्त प्रोसेसर, एक रॅम आणि हाच पॉवर सप्लाय. नको ते सगळं बाजूला. चालू झालं, तर मग एकेक जोडत जायचं. ज्याला जोडल्यावर बंद पडेल, तो चोर.

वडील : ते बटण तर कॅबिनेटला आहे. पुठ्ठ्यावर चालू कसं करणार?

सासरे : बटणाच्या ज्या दोन पिना आहेत, त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं क्षणभर. कालच मी तिला हे सुचवलं होतं.

वडील : मग केलं का नाही?

सासरे : ती नको म्हणाली.

वडील : का?

सासरे : असंच. काढू मग?

वडील : काढा. पण स्क्रू मी काढतो. तुमच्या त्या नाजूक स्क्रू ड्रायव्हरने संध्याकाळ होईल. सरका.

सासरे : घ्या. सावकाश हं, त्या कोपऱ्यातली वायर आधी सोडवायची आहे... हां. आता वर उचला. कडेने धरा. बस. इथे ठेवा, पुठ्ठ्यावर.

वडील : आता लावा तुमचं टोक.

सासरे : तुम्ही लावा.

वडील : कुठे? ह्या दोन?

सासरे : ह्याच. नुसतं लावायचं आणि काढायचं.

वडील : फिरला.

सासरे : थांबा जरा.

वडील : फिरतोय. अजून फिरतोय. थांबत नाहीये.

सासरे : स्क्रीनची वायर लावतो... हे बघा. अक्षरं आली.

वडील : म्हणजे पॉवर सप्लाय चांगला आहे.

सासरे : उत्तम आहे. बोर्ड, रॅम, सगळं धडधाकट आहे.

वडील : मग कॅबिनेटमध्ये गेल्यावरच काय होतं ह्याला?

सासरे : बॅटरी कुठे ठेवली मी...

वडील : बोला ना. मगाशी तोंड चालत होतं.

सासरे : ही बॅटरी धरा. आत बघा. तळाच्या पत्र्यावर.

वडील : माझाच पत्रा आहे, मला काय दाखवता? कपाटाला वापरतो त्याच्यापेक्षा जाड आहे. दुकानातल्या कॅबिनेटला कोपरानं दाबलं तर खड्डा पडतो. ह्याच्यावर माणूस उभा राहील.

सासरे : पत्रा छानच आहे. ते पितळी खुंट बघा, ज्यांच्यावर बोर्ड टेकतो ते.

वडील : बघतोय.

सासरे : आता बोर्डाला स्क्रूची भोकं किती आहेत ते मोजा.

वडील : नऊ.

सासरे : आणि खुंट?

वडील : बारा.

सासरे : बोर्ड वेगवेगळ्या मापांचे असतात. तयार कॅबिनेटला सगळ्या मापांची भोकं पाडून ठेवतात. पण खुंट फक्त आपल्या बोर्डाला लागतील तेवढेच लावायचे. जास्तीचा खुंट बोर्डाच्या पाठीला नको तिथे टेकतो. पितळ आहे. वीज त्यातून पत्र्यात उतरते. मग पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणून ती एक गिरकी.

वडील : मी दुकानातल्या कॅबिनेटचं माप घेतलं होतं. त्यात होती तेवढी भोकं पाडली.

सासरे : बरोबरच केलंत.

वडील : आणि भोक पाडलं की रिकामं ठेवायची मला सवय नाही. माझ्या एकाही कपाटात रिकामं भोक सापडायचं नाही तुम्हाला. लोकांना वाटतं स्क्रू पडलाय. म्हणून मी सगळ्यांत खुंट लावले. म्हटलं, जितके खुंट तितकी बळकटी. पोरीचं मशीन हलायला नको.

सासरे : हललं नाहीच ते.

वडील : तुम्हाला हे कधी कळलं?

सासरे : शंका काल आली. खात्री आत्ता झाली.

वडील : काल आली आणि गप्प बसलात.

सासरे : गप्प कुठे बसलो? काल म्हणालो तिला, कॅबिनेटमधून बाहेर काढून बघू, कॅबिनेटचाही दोष असू शकतो. तर माझ्याशी बोलायचीच बंद झाली. ताट वाढलं, पण तोंडातून शब्द नाही. मी काचेच्या बाजूचं एक कॅबिनेट पसंत केलं होतं, माहितीये? आत दिवे लागतात तसलं. दुकानदाराला बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. तुमचं आलं आणि तिने ते रद्द केलं. समोरच्या बाईंना घरात बोलावून दाखवलं. बाबांनी बनवलंय. शेजारच्या काकांना, बाबांनी बनवलंय. गॅसवाल्यालासुद्धा.

वडील : खोटं.

सासरे : मी कशाला खोटं बोलू? मला काय आनंद झाला होता का त्याचा? मी तिच्यासोबत दोन दिवस टेबलावर मान मोडून बसलो. माझा एक चिमटा कोणाला दाखवला का तिने?

वडील : मला तर फोनवर तुमचा चिमटाच ऐकवला.

सासरे : मला तुमचा पत्रा.

वडील : ...आता त्या पत्र्यानेच घात केला म्हणायचा.

(फोन वाजतो. सासऱ्यांचा.)

सासरे : तिचाच आहे. बोल गं... हो, आलेत... इथेच आहेत, माझ्यासमोर... नाही, भांडत नाही आहोत... कोणता मिळाला?... घेऊ नकोस अजून. दोन मिनिटं थांब. मी परत करतो फोन. हो.

वडील : तुम्हालाच केला. मी येणार हे माहीत असून.

सासरे : पैसे द्यायला उभी आहे. आपल्याला लगेच काहीतरी सांगायला हवं.

वडील : हं.

सासरे : मी सांगतो. एक वायर माझ्याकडून सैल राहिली होती, आता घट्ट केली, चालू झालं. ती येईपर्यंत आपण तीन खुंट काढून बोर्ड परत बसवू. तिला कळायचंही नाही.

वडील : वायर सैल राहिली म्हणणार तुम्ही?

सासरे : माझं काय जातंय? चार दिवस चिडवेल. तिचा त्या कॅबिनेटवर जीव आहे, व्याहीबुवा. काल माझ्याशी अबोला धरला तो कशासाठी? तिला हे कळून काय मिळणार?

वडील : नाही.

सासरे : विचार करा.

वडील : केला. प्रोसेसर तुम्ही बसवलात. मलम तुम्ही लावलंत. दोन दिवस तिच्या शेजारी तुम्ही बसलात. आता बिघाड शोधलात तो पण तुम्ही. आणि माझी चूकसुद्धा तुम्हीच घेणार? मग ह्या घरात मी आलो कशाला होतो? चूक माझी आहे. ती तरी माझी राहू द्या.

सासरे : बरं.

वडील : आणि मोठेपणा करू नका एवढा. तुम्ही वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. हिची आई गेली तेव्हा तुम्ही महिनाभर पोरीला रोज सकाळी चालायला नेलंत. मला बाप म्हणून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्याकडे का नाही आली ती चालायला?

सासरे : तुम्ही तेव्हा कारखान्यातून बाहेरच येत नव्हता.

वडील : माहितीये मला. ते पण माहितीये.

सासरे : घ्या. माझ्या फोनवरून लावून देतो.

वडील : तुमच्या नको. माझ्यावरून लावतो. तुमचा आवाज येईल असं समजून उचलेल ती... वाजतोय.

मुलगी : बाबा? काय झालं? अण्णा बरे आहेत ना?

वडील : अण्णांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत. माऊ, तो पॉवर सप्लाय घेऊ नकोस.

मुलगी : अहो, तुम्हीच म्हणालात ना गेलाय म्हणून. मी पिशवीत भरून घेतलाय.

वडील : मी चुकीचं बोललो. तुझा आहे तो चांगला आहे. सगळं चांगलं आहे. तू रॅम बसवलीस तीसुद्धा.

मुलगी : मग बंद का पडतंय? फार आवाज आहे इथे, बाबा. तुमचं अर्धं ऐकू येत नाहीये. अण्णांना द्या ना फोन, ते सांगतील मला नीट.

सासरे : देऊ नका माझ्याकडे. मी पाणी आणायला गेलोय म्हणून सांगा.

वडील : अण्णा आहेत इथेच. देतो त्यांना. पण आधी माझ्याकडून ऐक. दोष कॅबिनेटमध्ये आहे. मी बनवलं त्यात.

मुलगी : ...काय म्हणालात?

वडील : मी बनवलं त्यात चूक आहे. काय आहे ते सांगतो. घाईत असशील तर नंतर सांगतो.

मुलगी : नाही, थांबा. ही पिशवी काउंटरवर ठेवते आणि बाहेर पायरीवर येऊन बसते. हां. आता सांगा, बाबा. सगळं सांगा.