सूनबाईंच्या युकुलेलेला सासऱ्याच्या तारा

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. मायेपोटी केलेलं नुकसान — देवाच्या दरबारी माफ होतं का हो?

होतं म्हणणाऱ्यांनो, पुढे सरका. तुमच्यातलाच एक शहाणा इथे उभा आहे — पगडी घालून!

हा शहाणा चाळीस वर्षं मेंडोलिन वाजवतोय. आठ तारा, पोलादी, जोडीजोडीने बांधलेल्या! नखीने छेडल्या की वाडीच्या टोकापर्यंत खणखणाट. यंदा मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई शाल्मली माहेराहून युकुलेले घेऊन आली. एवढंसं वाद्य! तारा चारच, त्याही नायलॉनच्या, नुसत्या बोटांनी वाजवायच्या. आवाज मऊ. एकादशीला याच देवळात ती पहिल्यांदा अभंग वाजवणार होती. आठ दिवस घरात तीच तयारी.

मी मनात म्हटलं — अरेरे! हे तर मेंडोलिनचं उपाशी पोर! लोक हसतील पोरीला. आदल्या दिवशी ती बाजारात गेली, तेवढ्यात मी काम उरकलं. तिच्या तारा काढल्या, माझ्या पोलादी चढवल्या. खुंटी पिळली. आवाज चढला! आणखी पिळली — मोह हो मंडळी, मोह! — आणि कडाड्! तारा धरून ठेवणारी घोडीच उखडून माझ्या नाकावर!

आमची ही धावत आली. "कुणाला दुखवू नये म्हणून कीर्तनात सांगता, ते फक्त लोकांसाठी वाटतं?"

हसा! मीही हसलो असतो, पण दारात सूनबाई उभी. रडली नाही. तुकडे ओढणीत गोळा केले आणि म्हणाली, "बाबा, ते लहान मेंडोलिन नाही हो. त्याला एवढा ताण सोसत नाही. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

एकादशी तशीच गेली. मला लाज वाटली. कारण एकट्या वाद्याचं नव्हतं ते. तिची उठायची वेळ, आमटीतला गूळ, फोनवर बोलायचा आवाज — सगळीकडे मी माझ्याच तारा चढवत होतो. मायेनेच हो!

तुमच्या घरी कोण आहे असं? सून? जावई? धाकटा भाऊ? जा, आधी खुंटीवरचा हात काढा. मग विचारा.

वाद्य सुताराने जोडून दिलंय, डाग राहिलाय. सूनबाई, अशी खांबाआड नको बसूस, पुढे ये. सूर दे. आज बुवा तुझ्या पट्टीत गाणार! आणि मंडळी, माझा आवाज फाटला तर खुशाल हसा, पण टाळ हळू वाजवा. तिच्या तारा ऐकू आल्या पाहिजेत.