कादंबरीतली बायको

मलकापूर स्टेशनवर, बायकांच्या मुसाफिरखान्यात, शेजारच्या बाकावरची म्हातारी एका तरण्या बाईला विचारत होती.

"काऊन वं, माहेरी एकटीच चालली?"

"आमचे हे कादंबरी लिहून राह्यले, मावशी. त्यातली बायको म्हंजे मीच, नाव तेवढं बदललं. काल वाचून दाखवलं, तं मले पटकीनं मारून टाकलेलं!"

"अरे देवा! मंग?"

"मंग तेरावं होत नाही तं दुसरी आणली. गोरीपान, पेटी वाजवनारी."

"पन त्यानं तुले जाऊ कसं देल्लं?"

"बैलाच्या दमनीमागं पळत आले न. थांब म्हने."

"मंग थांबाचं होतं!"

"थांबली. तं म्हने, निघतानी जे बोलली ते पुन्हा एकडाव बोल, लिहून घेतो."

"काय मानूस हाय! मंग तू?"

"बोलली, मावशी. अन् पह्यल्यापेक्षा चांगलं बोलली."